मध्यम लहरींवरील सामायिक वारंवारता

मध्यम लहरींवरील सामायिक वारंवारता म्हणजे मध्यम लहरींच्या पट्ट्यातील एकच वारंवारता निरनिराळ्या देशांतील दोन किंवा अधिक एएम रेडिओ केंद्रांनी आपापल्या कार्यक्रमांसाठी वापरणे होय. आशिया, युरोप, आफ्रिका व ओशनिया या भूभागांसाठी या पट्ट्यात अवघ्या १२० वाहिन्या उपलब्ध आहेत आणि त्यांवर हजारो प्रक्षेपकांची सोय लावावी लागते. त्यामुळे वारंवारतेची अशी वाटणी हा अपवाद नसून नियम आहे.

एकाच वारंवारतेवरील दूरदूरची केंद्रे दिवसा एकमेकांना जाणवतही नाहीत. सूर्यास्तानंतर मात्र मध्यम लहरी आयनांबरावरून परत फिरून शेकडो ते हजारो किलोमीटर अंतरावर उतरतात आणि एका देशाचे प्रसारण दुसऱ्या देशातील स्थानिक केंद्राच्या आवाजात मिसळते. रात्री कोणाचे केंद्र किती अंतरापर्यंत स्वच्छ ऐकू यावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ अभियांत्रिकीचा राहत नाही. तो राष्ट्राराष्ट्रांतील कराराचा विषय ठरतो. इ.स. १९२६ पासून यासंबंधी अनेक आंतरराष्ट्रीय योजना आखण्यात आल्या. त्यांपैकी १९७५ ची जिनिव्हा योजना भारतासह पूर्व गोलार्धातील बहुतेक देशांना लागू आहे.

वाहिन्यांची रचना

रेडिओच्या नियमनासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने जगाचे तीन विभाग पाडले आहेत. पहिल्या विभागात युरोप, आफ्रिका, पश्चिम आशियाचा बराचसा भाग व पूर्वीच्या सोव्हिएत संघाचा प्रदेश येतो. दुसऱ्या विभागात उत्तर व दक्षिण अमेरिका, तर तिसऱ्या विभागात भारतासह उर्वरित आशिया व ओशनिया यांचा समावेश होतो.

पहिल्या व तिसऱ्या विभागांत मध्यम लहरींच्या वाहिन्या ५३१ किलोहर्ट्झपासून १६०२ किलोहर्ट्झपर्यंत असून लगतच्या दोन वाहिन्यांमध्ये ९ किलोहर्ट्झचे अंतर असते. येथील प्रत्येक वारंवारता ९ च्या पटीत येते. उदाहरणार्थ, आकाशवाणीच्या मुंबई केंद्राच्या १०४४ व ५५८ किलोहर्ट्झ आणि पुणे केंद्राची ७९२ किलोहर्ट्झ या तिन्ही वारंवारतांना ९ ने पूर्ण भाग जातो. दुसऱ्या विभागात हे अंतर १० किलोहर्ट्झ आहे. दोन्ही मापांत बसणाऱ्या वारंवारता दर ९० किलोहर्ट्झला एकदा येतात. ५४०, ६३०, ७२० व ८१० ही त्यांची उदाहरणे होत. अमेरिका खंडातील व पूर्व गोलार्धातील केंद्रे नेमक्या एकाच वारंवारतेवर येतात ती केवळ या मोजक्या ठिकाणी. इतरत्र त्यांच्यात १ ते ५ किलोहर्ट्झचा फरक राहतो.

दिवस आणि रात्र

मध्यम लहरी दोन मार्गांनी प्रवास करतात. भूपृष्ठतरंग जमिनीला धरून पुढे सरकतात. त्यांचा पल्ला प्रक्षेपकाची शक्ती, वारंवारता आणि जमिनीची विद्युत्‌वाहकता यांवर अवलंबून असतो. ओलसर, सुपीक जमिनीवरून ते कोरड्या खडकाळ जमिनीपेक्षा दूर जातात, तर खाऱ्या समुद्रावरून त्याहूनही दूर पोहोचतात. वारंवारता जितकी कमी तितका हा पल्ला वाढतो.

आकाशतरंग वरच्या दिशेने जातात. दिवसा सूर्याच्या किरणांमुळे सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवर आयनांबराचा 'डी' हा थर तयार होतो. मध्यम लहरींना परत फिरवण्याऐवजी हा थर त्यांना जवळजवळ पूर्णपणे शोषून घेतो. म्हणून दिवसा केवळ भूपृष्ठतरंगच ऐकू येतात आणि केंद्राचा प्रभाव आपल्या परिसरापुरता मर्यादित राहतो. सूर्यास्तानंतर 'डी' थर झपाट्याने विरळ होतो. आकाशतरंग मग त्यावरील थरांपर्यंत पोहोचतात व तेथून वळून पृथ्वीवर परततात. अशी एक झेप सुमारे दोन हजार किलोमीटरपर्यंतची असू शकते. जमिनीवरून पुन्हा परावर्तन होऊन दुसरी, तिसरी झेपही घेतली जाते.

दोन ठिकाणांमधील संपूर्ण मार्ग अंधारात असला, तरच आकाशतरंगांचे प्रसारण भरात येते. त्यामुळे पूर्वेकडील व पश्चिमेकडील केंद्रे ऐकू येण्याच्या वेळा भिन्न असतात. पूर्वेकडे सूर्य आधी मावळतो. तेथील केंद्रे स्थानिक सूर्यास्ताबरोबरच ऐकू येऊ लागतात, पण पूर्वेला उजाडू लागताच, म्हणजे येथे अद्याप रात्र असतानाच, ती लोपतात. पश्चिमेकडील केंद्रे रात्री उशिरा उमटतात आणि स्थानिक सूर्योदयापर्यंत टिकतात.

एकाच वारंवारतेवरील दोन केंद्रे

एफएम प्रसारणात दोन केंद्रे एकाच वारंवारतेवर आली, तर ग्राही संच अधिक प्रबळ संदेश पकडतो व दुर्बळ संदेश जवळजवळ नाहीसा होतो. एएममध्ये असे घडत नाही. येथे कार्यक्रमाचा ध्वनी वाहक तरंगाच्या परमप्रसरातील चढउतारांत साठवलेला असतो आणि संचापर्यंत आलेल्या सर्व तरंगांची बेरीज होते. परिणामी दुर्बळ केंद्राचे बोलणे किंवा संगीत प्रबळ केंद्राच्या मागे अस्पष्टपणे ऐकू येत राहते.

याशिवाय दोन वाहक तरंगांमधील सूक्ष्म फरकही जाणवतो. या पट्ट्यातील प्रसारणाची वारंवारता नेमून दिलेल्या आकड्यापासून १० हर्ट्झहून अधिक ढळू नये, असे आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावली सांगते. दोन प्रक्षेपकांत २ हर्ट्झचा फरक असेल, तर श्रोत्याला दर सेकंदाला दोनदा आवाज चढल्यासारखा व ओसरल्यासारखा भासतो. या परिणामाला विस्पंद म्हणतात. फरक काही हर्ट्झहून अधिक झाला, की त्याची फडफड किंवा घरघर होते. पूर्वीच्या काळी प्रक्षेपकांची वारंवारता आजच्याइतकी स्थिर नसे, तेव्हा दोन केंद्रांच्या संघर्षातून चक्क शिट्टी ऐकू येई. आधुनिक प्रक्षेपकांत वारंवारता अत्यंत अचूक राखता येते. त्यामुळे शिट्टी व फडफड टाळता येतात. मात्र कार्यक्रम वेगवेगळे असल्यास त्यांची सरमिसळ त्यानेही टळत नाही.

संरक्षण गुणोत्तर

हव्या असलेल्या केंद्राची क्षेत्रतीव्रता नको असलेल्या केंद्राच्या किती पट असावी, हे सांगणाऱ्या प्रमाणाला संरक्षण गुणोत्तर म्हणतात. १९७५ च्या जिनिव्हा योजनेत एकाच वारंवारतेवरील केंद्रांसाठी मूलतः ३० डेसिबेल, म्हणजे क्षेत्रतीव्रतेत सुमारे ३२ पट, हे गुणोत्तर आधारभूत धरण्यात आले. अमेरिका खंडात २६ डेसिबेल, म्हणजे २० पट, हे प्रमाण वापरले जाते.

या आकड्यांचा व्यावहारिक अर्थ एका हिशेबातून स्पष्ट होतो. परदेशी केंद्राचा आकाशतरंग रात्री एखाद्या प्रदेशात मीटरला ०.५ मिलिव्होल्ट इतक्या तीव्रतेने उतरत असेल, तर ३० डेसिबेलच्या निकषानुसार स्थानिक केंद्र जेथे मीटरला सुमारे १६ मिलिव्होल्ट किंवा अधिक तीव्रतेने पोहोचते, तेवढ्याच क्षेत्रात ते निर्वेध ऐकू येईल. दिवसा हेच केंद्र मीटरला १ मिलिव्होल्ट तीव्रतेच्या भागातही समाधानकारक ऐकू येऊ शकते. याचा अर्थ प्रक्षेपक तोच आणि शक्तीही तीच असताना रात्री केंद्राचे क्षेत्र आक्रसते. त्याची झळ शहरातील श्रोत्यांना क्वचितच बसते. ती बसते क्षेत्राच्या कडेच्या खेड्यांतील श्रोत्यांना.

एका केंद्राने यावर उपाय म्हणून शक्ती दहापट वाढवली, तर त्याचा तात्पुरता लाभ होतो. परंतु दुसऱ्यानेही तेच केले की दोघांमधील गुणोत्तर पूर्वीइतकेच उरते. वाढतो तो केवळ विजेचा खर्च आणि तिसऱ्या देशांना होणारा उपद्रव. शक्तीच्या या स्पर्धेत दीर्घकाळ कोणाचाच फायदा होत नाही, हे वारंवारता वाटपाच्या सर्व करारांमागील मूलभूत सूत्र आहे.

इतिहास

युरोप

पहिल्या महायुद्धानंतर युरोपात प्रसारण केंद्रे झपाट्याने वाढली आणि अल्पावधीतच ती एकमेकांच्या वारंवारतांवर आक्रमण करू लागली. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रसारण संघाने जिनिव्हा येथे आखलेली पहिली योजना १४ नोव्हेंबर १९२६ रोजी अंमलात आली. तिच्यात ९९ वाहिन्यांपैकी ८३ अनन्य, तर १६ सामायिक ठरवण्यात आल्या. अनन्य वाहिनी संपूर्ण युरोपात एकाच केंद्राला मिळे, तर सामायिक वाहिनीवर कमी शक्तीची अनेक केंद्रे चालत. देशाचे क्षेत्रफळ, लोकसंख्या आणि तार व दूरध्वनीची वर्दळ हे वाटपाचे निकष होते.

यानंतर प्राग (१९२९) व लुझर्न (१९३३) येथे नव्या योजना झाल्या. १९३९ मध्ये माँत्र येथे ठरलेली योजना दुसऱ्या महायुद्धामुळे अंमलात येऊ शकली नाही. युद्धोत्तर कोपनहेगन योजना १९४८ मध्ये तयार होऊन १५ मार्च १९५० पासून लागू झाली. पराभूत जर्मनीच्या वाट्याला तिच्यात फार थोड्या व गैरसोयीच्या वारंवारता आल्या. या टंचाईमुळे पश्चिम जर्मनी एफएम प्रसारणाकडे इतर अनेक युरोपीय देशांच्या आधी वळला. मध्यम लहरींवर जागा न मिळणे हे अशा प्रकारे एका नव्या तंत्राच्या प्रसाराचे कारण ठरले.

उत्तर अमेरिका

अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी उपलब्ध वाहिन्या आपसांत वाटून घेतल्या. मेक्सिकोला त्यात स्थान नव्हते. मेक्सिकोने मग सीमेलगत अतिशक्तिशाली केंद्रांना परवाने दिले. त्यांपैकी व्हिया अकुन्या येथील 'एक्सईआरए' हे केंद्र विशेष गाजले. अमेरिकेतील आपल्या केंद्राचा परवाना गमावलेले जॉन ब्रिंक्ली हे त्याचे चालक होते. त्याची शक्ती ५०० किलोवॉटपर्यंत पोहोचली होती आणि रात्री ते अमेरिकेच्या मोठ्या भागात ऐकू येत असे.

शक्तिशाली प्रक्षेपकांचा उपद्रव लगतच्या वाहिनीवरही होतो. ओहायोतील सिनसिनॅटी येथील 'डब्ल्यूएलडब्ल्यू' या केंद्राने १९३४ मध्ये ७०० किलोहर्ट्झवर ५०० किलोवॉट शक्तीने प्रसारण सुरू केले. त्यामुळे कॅनडातील टोरांटो येथील ६९० किलोहर्ट्झवरच्या केंद्राला अडथळा होऊ लागला. त्या दिशेने जाणारी ऊर्जा घटवण्यासाठी 'डब्ल्यूएलडब्ल्यू'ला स्वतंत्र मनोरे उभारावे लागले.

हा गोंधळ मिटवण्यासाठी १३ डिसेंबर १९३७ रोजी हवाना येथे उत्तर अमेरिकी प्रादेशिक प्रसारण करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको, क्यूबा, डॉमिनिकन प्रजासत्ताक व हैती हे देश त्यात सहभागी होते. मेक्सिकोला सहा राखीव वाहिन्या मिळाल्या. २९ मार्च १९४१ रोजी करार अंमलात आला, तेव्हा अमेरिकेतील बहुसंख्य केंद्रांनी एकाच दिवशी आपल्या वारंवारता बदलल्या. 'एक्सईआरए'ही त्याच वर्षी बंद झाले. पुढे १९८१ मध्ये रिओ दि जानेरो येथे संपूर्ण दुसऱ्या विभागासाठी करार झाला व १० किलोहर्ट्झचे अंतर कायम ठेवण्यात आले.

१९७५ ची जिनिव्हा योजना

पहिल्या व तिसऱ्या विभागांसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची परिषद १९७५ मध्ये जिनिव्हा येथे भरली. तिच्यात तयार झालेली योजना २३ नोव्हेंबर १९७८ रोजी लागू झाली. त्या दिवशी दोन्ही विभागांतील असंख्य केंद्रांच्या वारंवारता बदलल्या. जपान व ऑस्ट्रेलिया या देशांनी १० किलोहर्ट्झचे अंतर सोडून ९ किलोहर्ट्झचे स्वीकारले. टोकियोचे 'एनएचके'चे पहिले केंद्र ५९० वरून ५९४ किलोहर्ट्झवर आले ते याच वेळी. अंतर कमी केल्यामुळे तेवढ्याच पट्ट्यात अधिक वाहिन्या बसल्या.

योजनेत प्रत्येक केंद्रासाठी स्थान, वारंवारता, कमाल शक्ती, अँटेनाची दिशा व प्रसारणाची वेळ यांची नोंद असते. एखाद्या देशाला नवे केंद्र सुरू करायचे असेल किंवा जुन्याची शक्ती वाढवायची असेल, तर ज्या देशांच्या नोंदी त्यामुळे बाधित होतील, त्यांची संमती घ्यावी लागते. १४८५, १५८४ व १६०२ किलोहर्ट्झ या वाहिन्या कमी शक्तीच्या केंद्रांसाठी ठेवण्यात आल्या. त्यांवर अनेक देशांत छोटी केंद्रे दाटीवाटीने चालतात. आकाशवाणीचे सोलापूर केंद्र १६०२ किलोहर्ट्झवर आहे.

तांत्रिक उपाय

वारंवारता सामायिक असली तरी व्यतिकरण मर्यादेत राहावे, यासाठी पुढील उपाय योजले जातात :

• भौगोलिक अंतर : एकच वारंवारता शक्यतो दूरदूरच्या प्रदेशांना दिली जाते. केंद्रे जितकी शक्तिशाली, तितके अंतर अधिक ठेवावे लागते.

• दिशिक अँटेना : दोन किंवा अधिक मनोऱ्यांना ठरावीक कलांतराने ऊर्जा पुरवली, की काही दिशांना प्रसारण वाढते व काही दिशांना जवळजवळ शून्य होते. ही शून्य दिशा दुसऱ्या देशाच्या केंद्राकडे वळवली जाते.

• रात्रीची शक्ती घटवणे : अनेक केंद्रे सूर्यास्तानंतर कमी शक्तीवर चालतात. अमेरिकेत केवळ दिवसा प्रसारणाचा परवाना असलेली केंद्रेही आहेत.

• समकालिक जाळी : एकाच देशातील अनेक प्रक्षेपक एकच कार्यक्रम एकाच वारंवारतेवर प्रसारित करतात व त्यांचे वाहक तरंग काटेकोरपणे जुळवले जातात. बीबीसीचे 'रेडिओ ५ लाइव्ह' ६९३ व ९०९ किलोहर्ट्झवर या पद्धतीने प्रसारित होत आले आहे. यामुळे एका देशाचे काम थोड्या वाहिन्यांत भागते व इतर देशांसाठी जागा उरते.

प्रमुख उदाहरणे

५८५ किलोहर्ट्झ : आकाशवाणीचे नागपूर 'अ' केंद्र व रेडिओ पाकिस्तानचे इस्लामाबाद केंद्र यांची ही सामायिक वारंवारता आहे. दोन्ही शहरांमधील अंतर सुमारे १,५०० किलोमीटर, म्हणजे आकाशतरंगाच्या एका झेपेच्या टप्प्यात आहे.

५९४ किलोहर्ट्झ : पश्चिम बंगालमधील चुंचुडा येथील आकाशवाणीचा १,००० किलोवॉटचा प्रक्षेपक, टोकियो परिसरातील 'एनएचके'चा ३०० किलोवॉटचा प्रक्षेपक आणि ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यातील हॉर्शम येथील केंद्र या वारंवारतेवर आहेत. चुंचुडा व टोकियो यांच्यात सुमारे ५,१०० किलोमीटरचे अंतर आहे. बांगलादेशातील श्रोत्यांसाठीची 'आकाशवाणी मैत्री' ही बंगाली सेवा २०१६ मध्ये चुंचुडा येथूनच सुरू झाली.

६९३ किलोहर्ट्झ : इंग्लंडमधील ड्रॉइटविच, बांगलादेशातील ढाका, जपानमधील टोकियो व ऑस्ट्रेलियातील मेलबर्न या चार ठिकाणांहून ही वारंवारता वापरली गेली आहे. मेलबर्नचे '३एडब्ल्यू' हे केंद्र २००६ मध्ये तिच्यावर आले.

८१० किलोहर्ट्झ : ही ९ व १० या दोहोंच्या पटीत येणारी वारंवारता आहे. आकाशवाणीचे राजकोट केंद्र, बीबीसी रेडिओ स्कॉटलंड आणि अमेरिकेतील स्कनेक्टडी व सॅन फ्रान्सिस्को येथील केंद्रे तिच्यावर प्रसारण करत आली आहेत.

१५६६ किलोहर्ट्झ : नागपूरजवळील बुटीबोरी येथील १,००० किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून १८ मे १९८८ रोजी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. देशाच्या मध्यभागी असलेल्या एकाच ठिकाणाहून रात्रीच्या आकाशतरंगांद्वारे भारताचा बहुतांश भाग व्यापावा, अशी तिची रचना होती. इतरत्र उपद्रव ठरणारा आकाशतरंग येथे हेतुतः साधन म्हणून वापरण्यात आला. याच वारंवारतेवर दक्षिण कोरियातील जेजू बेटावरील 'एचएलएझेड' हे २५० किलोवॉटचे केंद्र आहे. पश्चिम आफ्रिकेतील बेनिनमधील पाराकू येथूनही २००८ पासून तिच्यावर धार्मिक प्रसारण होते. नागपूरहून जेजू सुमारे ४,८०० व पाराकू सुमारे ८,२०० किलोमीटर अंतरावर आहे. जेजू येथे सूर्य नागपूरच्या सुमारे तीन तास आधी उगवतो व मावळतो, तर पाराकू येथे सुमारे पाच तास नंतर. म्हणून नागपूरचा प्रक्षेपक बंद असताना भारतात जेजू ऐकू येण्याची शक्यता संध्याकाळपासून मध्यरात्रीनंतरच्या काही तासांपर्यंत, तर पाराकूची शक्यता उत्तररात्री ते पहाट या काळात असते. राष्ट्रीय वाहिनी २०१९ मध्ये बंद करण्यात आली.

वाद व हेतुपुरस्सर व्यतिकरण

देशाच्या सीमांच्या आत दर्जेदार राष्ट्रीय सेवा किफायतशीरपणे चालवण्यासाठी लागते त्याहून अधिक शक्ती मध्यम लहरींवरील केंद्रांनी तत्त्वतः वापरू नये, असे आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीत नमूद आहे. प्रत्यक्षात शीतयुद्धाच्या काळात व त्यानंतरही अनेक देशांनी शेजाऱ्यांच्या श्रोत्यांसाठी अतिशक्तिशाली प्रक्षेपक उभारले. भारताचा राजकोट येथील १०७१ किलोहर्ट्झवरचा १,००० किलोवॉटचा प्रक्षेपक उर्दू सेवेसाठी वापरला गेला. रशियाच्या कालिनिनग्राद प्रदेशातील १२१५ किलोहर्ट्झवरच्या प्रक्षेपकाची शक्तीही याच श्रेणीतील होती. ब्रिटनमध्ये १९९३ मध्ये 'व्हर्जिन १२१५' हे राष्ट्रीय व्यापारी केंद्र याच वारंवारतेवर सुरू झाले, तेव्हा रात्रीच्या व्यतिकरणाचा प्रश्न त्याच्या वाट्याला आला.

कराराबाहेरील केंद्रांमुळेही वारंवारता सामायिक होते. 'रेडिओ कॅरोलिन' हे उत्तर समुद्रातील जहाजावरून चालणारे विनापरवाना केंद्र १९८० च्या दशकात ५५८ किलोहर्ट्झ वापरू लागले. १९९० मध्ये लंडनमधील अल्पसंख्य समाजांसाठीच्या 'स्पेक्ट्रम रेडिओ' या परवानाधारक केंद्राला नेमकी हीच वारंवारता देण्यात आली. दोन्ही केंद्रांच्या संघर्षामुळे 'स्पेक्ट्रम'ला काही काळ ९९० किलोहर्ट्झ ही पर्यायी वारंवारता द्यावी लागली. 'कॅरोलिन'चे जहाजावरील प्रसारण त्याच वर्षाच्या अखेरीस थांबले. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनीही ५५८ किलोहर्ट्झवरच आहे. अंतर मोठे असल्यामुळे तिचा या वादाशी संबंध आला नाही.

काही वेळा दुसऱ्याचे प्रसारण ऐकू येऊ नये, एवढ्याचसाठी तीच वारंवारता वापरली जाते. अमेरिकी सरकारने क्यूबातील श्रोत्यांसाठी २० मे १९८५ रोजी 'रेडिओ मार्ती' सुरू केले. त्याचा प्रक्षेपक फ्लोरिडातील मॅरेथॉन येथे ११८० किलोहर्ट्झवर होता. क्यूबाने त्याच वारंवारतेवर 'रेडिओ रेबेल्दे'चे प्रक्षेपक चालवून त्याला प्रत्युत्तर दिले. या संघर्षाशी काही संबंध नसलेले न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील 'डब्ल्यूएचएएम' हे जुने केंद्रही ११८० किलोहर्ट्झवरच असल्याने त्याचे दूरवरचे रात्रीचे श्रवण बाधित झाले.

दूरश्रवणाचा छंद

श्रोत्यांना त्रासदायक ठरणारी ही परिस्थिती दूरदेशीची केंद्रे शोधून ऐकणाऱ्या छांदिष्टांना मात्र पर्वणी असते. स्थानिक केंद्र प्रसारण आटोपते, तेव्हा त्याच वारंवारतेवर झाकलेली दूरची केंद्रे वर येतात. कार्यक्रमाची भाषा, तासाच्या ठोक्याला होणारी उद्घोषणा व संकेतधून यांवरून ती ओळखली जातात. फिरवता येणाऱ्या चौकटी अँटेनाच्या साहाय्याने एका दिशेचे केंद्र दाबून दुसऱ्या दिशेचे ऐकता येते. मध्यम लहरींच्या साध्या रेडिओतही फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली दिशिक अँटेना असते. त्यामुळे दोन केंद्रांची सरमिसळ होत असताना संच हळूहळू फिरवला, तर नको असलेल्या केंद्राचा आवाज बराच कमी होतो. मात्र दोन्ही केंद्रे एकाच रेषेत असल्यास या युक्तीचा उपयोग होत नाही.

सद्यस्थिती

एकविसाव्या शतकात युरोपातील मध्यम लहरींवरील प्रसारण झपाट्याने घटले. स्वित्झर्लंडचे बेरोम्युन्स्टर येथील ५३१ किलोहर्ट्झवरील प्रसारण २००८ च्या अखेरीस थांबले. जर्मनी व फ्रान्स येथील सार्वजनिक प्रसारण संस्थांनी २०१५ च्या अखेरीस मध्यम लहरींचा निरोप घेतला. ब्रिटनमधील १२१५ किलोहर्ट्झवरचे राष्ट्रीय व्यापारी प्रसारणही जानेवारी २०२३ मध्ये बंद झाले. अनेक वाहिन्यांवरील गर्दी यामुळे ओसरली असून उरलेली केंद्रे रात्री पूर्वीपेक्षा दूरवर व स्वच्छ ऐकू येतात. दुसरीकडे विजेची उपकरणे, एलईडी दिवे व चार्जर यांच्यातून निघणारा विद्युत् गोंगाट वाढल्यामुळे शहरी भागांत हा लाभ मर्यादित राहतो.

आकाशवाणीने आपल्या अनेक मध्यम लहरी प्रक्षेपकांवर डीआरएम या अंकीय पद्धतीची सोय केली आहे. अंकीय प्रसारणात दुसऱ्या केंद्राचा आवाज मागे ऐकू येत नाही. परंतु व्यतिकरण मर्यादेपलीकडे गेल्यास कार्यक्रम क्षीण होण्याऐवजी पूर्णपणे तुटतो. आकाशतरंगांच्या प्रसारणाचे नियम दोन्ही पद्धतींना सारखेच लागू असल्याने अंकीय प्रक्षेपकांसाठीही वारंवारतेचे आंतरराष्ट्रीय समन्वयन आवश्यक ठरते.